आठ कलांचा फरक

सप्टेंबर 2025 मध्ये एका लिलावात अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं 1970 सालचं एक बिननावाचं चित्र 67 कोटी रुपयांच्या पुढे गेलं, आणि गणपतीनंतर थंडावलेला आमच्या घरचा व्हॉट्सॲप ग्रुप एकदम जागा झाला. एका मावसभावाने आपल्या साडेतीन वर्षांच्या लेकीने भिंतीवर ओढलेल्या रेघोट्यांचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘बोली 68 कोटींपासून.’ त्याला भरपूर हशा मिळाला. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या आत्येबहिणीने कुठून तरी आलेला लांबलचक मजकूर पुढे ढकलला. गायतोंडे म्हणजे क्वांटम शून्यतेचा रंगाविष्कार, वैश्विक चैतन्याचं स्पंदन, वगैरे. शेवटी तिची स्वतःची ओळ होती, ‘हे समजायला एक पातळी लागते.’ मग दोन दिवस ‘पातळी’ या शब्दावरून भांडण चाललं. सगळं निवल्यावर मी ते मेसेज पहिल्यापासून पुन्हा वाचून काढले. चित्राचा रंग कोणता आहे, हे त्यात एकानेही लिहिलं नव्हतं.

हा वाद काही आमच्या घराण्याची खासियत नाही. रविवारच्या पुरवण्यांत, प्रदर्शनांच्या पुस्तिकांत, चहाच्या टेबलांवर तो याच दोन रुळांवरून धावतो. एक बाजू म्हणते यात काहीच नाही, दुसरी म्हणते यात अख्खं विश्व आहे, आणि चित्राकडे बघायची गरज दोघांनाही पडत नाही. माझं म्हणणं असं की अमूर्त चित्रकाराने विज्ञान वाचलं, वेदान्त वाचला, जाणिवेचा विचार करण्यात वर्षं घालवली, तर ते सगळं त्याच्या कामाच्या सवयींत मुरतं. तो किती थांबतो, काय खरवडून टाकतो, कशावर समाधान मानत नाही, यात ते दिसतं. चित्रात दडवलेला निरोप म्हणून ते शोधायला गेलं तर हाताला शब्दच लागतात. त्यामुळे प्रेरणेचा दाखला जोडून चित्राचं वजन वाढवणं मला पटत नाही, आणि प्रेरणा भोंगळ होती म्हणून चित्र निकालात काढणंही पटत नाही. खरं सांगायचं तर मला राग जास्त येतो तो आत्येबहिणीच्या बाजूचा, कारण ती माझी बाजू आहे. आपल्याच वकिलाने खटला घालवला की माणूस जास्त चिडतो.

तरी त्या वकिलाचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करायला हवा. अमूर्त चित्रकला जन्मली तीच मुळी विज्ञान आणि अध्यात्म यांच्या सामाईक उंबरठ्यावर. वासिली कँडिन्स्की हा मॉस्कोत कायदा आणि अर्थशास्त्र शिकलेला माणूस, तिशीत सगळं सोडून चित्रकलेकडे वळलेला. 1913 साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने लिहून ठेवलंय की अणू फुटतो ही बातमी त्याला अख्खं जग फुटल्यासारखी वाटली. समोरचा दगड हवेत विरघळून गेला असता तरी नवल वाटलं नसतं. स्टॉकहोमच्या हिल्मा आफ क्लिंटने तर त्याच्याही आधी, 1906 पासून, एका न बांधलेल्या मंदिरासाठी 193 चित्रांची मालिका रंगवली. आपल्याला परलोकातून आदेश येतात अशी तिची श्रद्धा होती, आणि 1917 मध्ये तिने अणूवरही चित्रमालिका केली. डच चित्रकार पीट मॉन्ड्रियन 1909 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचा, म्हणजे सगळ्या धर्मांमागचं गूढ सत्य शोधू पाहणाऱ्या मंडळीचा, सभासद झाला. ही सोसायटी 1875 साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. 1879 मध्ये तिचे संस्थापक बोटीने मुंबईत उतरले आणि चक्क गिरगावात बिऱ्हाड करून राहिले. तिचं मासिकही मुंबईतूनच सुरू झालं. मद्रासजवळच्या अड्यारला मुक्काम हलला तो नंतर, 1882 मध्ये. अमूर्त कला ही गोऱ्यांची आयात आहे असं म्हणणाऱ्यांना म्हणूनच मला गिरगावात नेऊन सोडावंसं वाटतं. आणि ‘हे सगळं आपल्या उपनिषदांत होतंच’ म्हणणाऱ्यांना म्युनिकला, कँडिन्स्कीच्या स्टुडिओत, रंगाने हात भरवायला.

तेव्हा कल्पनेशिवाय ही कला जन्मलीच नसती, हे कबूल. पण जन्माला कारण झालेली गोष्ट आणि जगायला लागणारी गोष्ट एकच असते का? कँडिन्स्कीचं विज्ञान चुकीचं होतं. अणूला अंतरंग आहे म्हणून दगड विरघळत नाही. डोक्यात पडला तर पूर्वीइतकंच लागतं. थिऑसॉफीच्या पुढाऱ्यांनी तर दिव्यदृष्टीने मूलद्रव्यांचे अणू ‘पाहून’ त्यांच्या आकृत्या 1908 साली पुस्तकात छापल्या. रसायनशास्त्राने त्यातलं काहीही ठेवलं नाही. कल्पनेच्या खरेपणावर चित्राचा खरेपणा अवलंबून असता, तर हिल्माची चित्रं आज मानसशास्त्राच्या एखाद्या विभागात धूळ खात पडली असती. उलट 2018–19 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात ती लागली तेव्हा 6 लाखांवर लोकांनी पाहिली. गर्दी म्हणजे दर्जा नव्हे, आपल्याकडच्या सिनेमांनी हे आपल्याला नीट शिकवलंय. पण त्या 6 लाखांतल्या बहुतेकांचा परलोकातल्या आदेशांवर विश्वास नसणार, एवढं तरी धरून चालता येईल. विश्वास नसताना जे उभं राहतं, त्याला विश्वासाखेरीज दुसरा काही तरी आधार असला पाहिजे.

तो आधार कोणता, हे मला चित्रकलेच्या नव्हे तर खगोलशास्त्राच्या इतिहासात जास्त स्वच्छ दिसतं. योहानेस केप्लरने 1596 साली एक पुस्तक लिहिलं. ग्रहांच्या कक्षांमधली अंतरं पाच नियमित घनाकृती एकात एक बसवून ठरलेली आहेत, कारण देव भूमितीज्ञ आहे, अशी त्यात मांडणी होती. देखणी कल्पना, आणि पूर्ण चुकीची. पुढे टायको ब्राहे या डॅनिश खगोलनिरीक्षकाच्या मंगळाच्या नोंदी त्याच्या हाती आल्या. वर्तुळावर बेतलेलं गणित त्याने वर्षानुवर्षं घासूनपुसून जवळजवळ जुळवत आणलं. जवळजवळ. फरक उरला आठ कलांचा. पंचांगाच्या भाषेत अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या रुंदीचा जेमतेम पाव हिस्सा. त्या काळी दुसरा कोणीही ‘एवढं चालतं’ म्हणून मोकळा झाला असता. केप्लरला ते चाललं नाही. त्याने वर्तुळ सोडलं, आणि 1609 मध्ये लंबवर्तुळ जगापुढे ठेवलं. देव भूमितीज्ञ आहे ही श्रद्धा त्याला टेबलाशी बसवत होती; आठ कला चालवून न घेणं ही त्याची शिस्त होती. आज केप्लर आपल्याला ज्ञात आहे तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. पण पहिली नसती तर तो इतकी वर्षं टेबलाशी बसला असता का, हा प्रश्नही प्रामाणिकपणे विचारायला हवा. बहुधा नसता.

आता गायतोंड्यांकडे येऊ. जन्म 1924, नागपूर, कुटुंब गोव्याचं, लहानपण गिरगावातल्या चाळीत. 1948 मध्ये जे. जे. स्कूलमधून पदविका. सुरुवातीला भारतीय लघुचित्रं आणि युरोपीय चित्रकार पॉल क्ले यांचा दाट ठसा, मग हळूहळू माणसं गेली, वस्तू गेल्या, रेषाही विरत गेली. झेन ही जपानी बौद्ध ध्यानपरंपरा, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती आणि खेतवाडीतले निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांकडे त्यांचा ओढा होता. 1964 मध्ये रॉकफेलर पाठ्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. हा सगळा तपशील कुठल्याही पुस्तिकेत सापडतो आणि पुस्तिका तिथेच थांबते. कॅनव्हासवर काय चालायचं, ते क्वचितच कोणी सांगतं. ते रोलरने रंगाचा थर द्यायचे, पॅलेट नाइफने तो ओढायचे, काढायचे. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर ठेवून दाबायचे आणि उचलायचे. रंग कुठे उठायचा, कुठे मागे राहायचा. त्यावर पुन्हा पातळ थर. म्हणून त्यांच्या चित्रात प्रकाश वरून पडल्यासारखा वाटत नाही, आतून झिरपल्यासारखा वाटतो. यात गूढ काही नाही: खालचे थर वरच्या थरांतून दिसत असतात. गूढ आहे ते हे की कुठे थांबायचं ते त्यांना कसं कळायचं. वर्षाला पाच-सहा चित्रं, एवढाच त्यांचा वेग होता. बाकीचा वेळ? बसणं, बघणं, वाट पाहणं.

झेनने त्यांना काही दिलं असेल तर ते हे बसणं. नैवेद्याचा स्वयंपाक चव न घेता करावा लागतो, म्हणून वर्षानुवर्षं तो करणाऱ्या बाईच्या हाताला मीठ बसलेलं असतं. पानावरची पुरणपोळी खाणाऱ्याने देव मानलाच पाहिजे अशी अट नसते. पोळी चांगली झाली आहे की नाही, एवढं त्याला कळतं. आमचे पुस्तिकाकार मात्र पोळी झाकून ठेवतात आणि देवाचं माहात्म्य सांगत बसतात.

यावर कोणी म्हणेल, चित्रकारच शांततेबद्दल, मौनाबद्दल बोलत असेल तर त्याच्या तोंडचं आपण का नाकारायचं? नाकारू नये. फक्त तो कशाबद्दल बोलतोय ते नीट ऐकावं. गायतोंडे आपल्या चित्रांना ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणू देत नसत, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणत. हा शब्दांचा कीस नाही. ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे कशाचं तरी सार काढलेलं: समुद्राचं, डोंगराचं, ब्रह्माचं. मग ‘कशाचं?’ हा प्रश्न पाठ सोडत नाही. गंमत म्हणजे या कलेला मराठीत एक नेमका शब्द आहे, ‘अप्रतिरूप’. जे कशाचंही प्रतिरूप नाही ते. तो शब्द आपण कोशात ठेवून दिला आणि बोलीत ‘अमूर्त’ घेतला. आणि अमूर्त म्हटलं की मराठी माणूस सवयीने निर्गुणाकडे वळतो, निर्गुणाकडे वळला की हात जोडतो, आणि हात जोडले की डोळे मिटतात. चित्रापुढे नेमकी हीच सोय नको असते.

विज्ञानाचा आधार घेणाऱ्यांचीही तीच गत. 1999 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक लेख आला: अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉकच्या ठिबकलेल्या रंगांत फ्रॅक्टल रचना असते, म्हणजे तोच नमुना लहान-मोठ्या मापांत पुन्हा पुन्हा येतो, निसर्गातल्या किनारपट्ट्यांसारखी, ढगांसारखी. कलाप्रेमींना आकाश ठेंगणं झालं. अखेर शिक्का मिळाला! अस्सल पोलॉक आणि नकली पोलॉक यांतला फरक आता मोजता येईल, इथपर्यंत मजल गेली. 2006 मध्ये त्याच नियतकालिकात दोन भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की याच कसोटीवर सहज गिरबटलेल्या चांदण्यांचं चित्रसुद्धा फ्रॅक्टल ठरतं. वाद पुढे चालू राहिला, त्यात मला शिरायचं नाही. मला एवढंच विचारायचंय: पोलॉकमध्ये फ्रॅक्टल नसतील तर चित्र वाईट होईल का? आणि असतील तर फुलकोबी ही कलाकृती का नाही? पिकासोच्या घनवादात सापेक्षता सिद्धान्त शोधणाऱ्या एका अभ्यासकाला खुद्द आइन्स्टाइनने 1946 मध्ये पत्र लिहून कळवलं होतं की या चित्रभाषेचा माझ्या सिद्धान्ताशी काही संबंध नाही. त्यानंतरही तो संबंध दर पाच वर्षांनी कोणाला तरी नव्याने सापडतो.

विज्ञान आणि अमूर्त चित्र यांचा मला माहीत असलेला सगळ्यात निरोगी शेजार मुंबईतच आहे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. होमी भाभा स्वतः चित्रं काढत. संस्थेच्या भिंतींसाठी त्यांनी समकालीन चित्रकारांची चित्रं घ्यायला सुरुवात केली, आणि ती चित्रकार मंडळी नावारूपाला येण्याआधीच्या काळात घेतली. गायतोंडे त्यात आहेत, हुसेन आहेत. विश्वकिरणांचा अभ्यास करणाऱ्या माणसाने ‘आमच्या विषयावर काहीतरी काढून द्या’ असं फर्मान काढून चित्रं जमवली नाहीत. गणितज्ञ त्या चित्रांसमोरून जेवायला जातात आणि येतात. चित्र प्रमेयाचं उदाहरण होत नाही, प्रमेय चित्राची टीप होत नाही. दोन्हीकडची माणसं एवढंच ओळखून असावीत की पलीकडचाही ‘एवढं चालतं’ म्हणणारा नाही.

आता मावसभावाकडे वळतो, कारण त्याचा मुद्दा थट्टेत आला तरी थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचं म्हणणं असं: चूक आणि बरोबर यांतला फरक जिथे दाखवता येत नाही, तिथे कोणीही काहीही खपवू शकतो. हे खरं आहे, आणि खपवलंही गेलंय. 1964 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरात एका पत्रकाराने ‘पिएर ब्रासो’ नावाच्या अज्ञात फ्रेंच चित्रकाराची चित्रं प्रदर्शनात लावली. एका समीक्षकाने त्यांत नर्तकाची नजाकत पाहिली. ब्रासो हा प्राणिसंग्रहालयातला पीटर नावाचा चिंपांझी निघाला. त्या समीक्षकावर मी हसतो, पण थोडं जपून. कारण मीही अशा एखाद्या दालनात मान डोलावली नसेल, याची खात्री कोण देणार?

पण याच प्रश्नाची पद्धतशीर चाचणीही झालेली आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात नावाजलेल्या अमूर्त चित्रकारांची चित्रं आणि लहान मुलांनी किंवा माकडा-हत्तींनी काढलेली चित्रं अशा जोड्या लावून लोकांना दाखवल्या. जोड्या लावताना रंग, मांडणी यांतलं साम्य मुद्दाम पाहिलेलं होतं. चित्राखालची पाटी कधी बरोबर असे, कधी मुद्दाम उलटी, कधी पाटीच नसे. कलेचं शिक्षण न घेतलेल्या विद्यार्थ्यांनीही दहापैकी सहा-सात वेळा चित्रकाराचंच चित्र निवडलं. नाणं उडवलं असतं तर पाच वेळा निवडलं असतं. हा निकाल मला आवडतो, कारण तो दोन्ही बाजूंची पंचाईत करतो. मावसभावाला मान्य करावं लागेल की फरक आहे, आणि शिक्षण नसलं तरी तो डोळ्यांना जाणवतो. आत्येबहिणीला मान्य करावं लागेल की त्यासाठी ‘पातळी’ लागली नाही. आणि मला हे मान्य करावं लागेल की दहातल्या तीन-चार वेळा माणसं चुकलीच.

न्यायालयातही हा प्रश्न एकदा रीतसर लढवला गेला. 1926 साली शिल्पकार ब्रांकुशीचं ‘अवकाशातला पक्षी’ हे ब्राँझचं शिल्प न्यूयॉर्क बंदरात उतरलं. कलाकृतीवर जकात नव्हती, पण जकात अधिकाऱ्यांना त्यात पक्षी दिसेना. त्यांनी त्याची स्वयंपाकघरातली भांडी आणि इस्पितळाचं सामान या वर्गात नोंद केली आणि 40 टक्के कर लावला. खटल्यात एका साक्षीदाराला विचारण्यात आलं, हा जंगलात दिसला असता तर तुम्ही गोळी झाडली असती का? साक्षीदार ब्रह्मज्ञान सांगत बसले नाहीत. ते आकाराबद्दल, तोलाबद्दल, वर झेपावणाऱ्या रेषेबद्दल बोलले. 1928 मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. पुढे याच ब्रांकुशीकडून इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी असेच तीन पक्षी घेतले. त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायचा बेत होता, त्याकरता ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही. पक्षी मात्र मंदिरावाचून काही अडून राहिले नाहीत.

माझ्या बाजूची मंडळी एक युक्तिवाद फार लाडाने करतात: यमनचा आलाप ऐकताना ‘याचा अर्थ काय’ असं कोणी विचारतं का? मग चित्रालाच का विचारता? मीही हा युक्तिवाद पुष्कळ वापरला आणि मग सोडून दिला. यमन ऐकणाऱ्याला यमनचे नियम अंगवळणी पडलेले असतात. नाट्यगीतातून, भावगीतातून, शाळेच्या गॅदरिंगमधून त्याच्या कानावर तो हजार वेळा पडलेला असतो. गाणाऱ्याने कुठे थांबायला हवं होतं, कुठे स्वर घसरला, हे व्याकरण न शिकताही त्याला कळतं. गायतोंड्यांच्या चित्रापुढे उभ्या राहणाऱ्याजवळ असं बाळकडू नसतं, आणि प्रत्येक चित्रकार आपलं व्याकरण वेगळंच मांडतो. हा फरक खरा आहे आणि तो झाकून चालत नाही. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? कान जसा तयार झाला तसा डोळाही तयार होऊ द्यावा लागेल, इतकाच. आणि त्यासाठी लागणारी हत्यारं आपल्याकडे नाहीत, असंही नाही. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार सांगून ठेवलेत. त्यांच्या सौंदर्यशास्त्राशी भांडायला जागा पुष्कळ आहे, पण या तीन शब्दांत एखाद्या चित्रापुढे अर्धा तास बोलता येतं. वरचा पिवळा खालच्या मातकट पट्टीशी संवाद करतोय की विरोध? तो काळसर तुकडा काढला तर तोल जाईल का? हे प्रश्न चित्रात बघूनच सोडवावे लागतात. ‘क्वांटम चैतन्य’ हा शब्द डोळे मिटूनही वापरता येतो.

मग जाणिवेचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जवळचा आहे. फक्त तो चित्रकाराच्या जाणिवेपेक्षा बघणाऱ्याच्या जाणिवेशी जास्त आहे. आपला मेंदू डोळ्यांनी आणलेलं जसंच्या तसं पाहत नाही, अंदाज बांधतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच बघण्याला नकळत केलेलं अनुमान म्हटलं होतं. समोर घोडा दिसला की ‘घोडा’ म्हणून मेंदू फाइल बंद करतो. त्यानंतर घोड्याच्या मानेवरचा निळसर रंग कोण बघतो? न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रापुढे किती वेळ उभे राहतात, हे मोजून 2001 साली प्रसिद्ध झालं: सरासरी 27 सेकंद. त्यातला काही वेळ पाटी वाचण्यातही जात असे. अप्रतिरूप चित्रात ओळखण्यासारखं काही नसल्याने ती फाइल बंद होत नाही. अंदाज लागत नाही, मेंदू पुन्हा बघतो, पुन्हा चुकतो. हे अस्वस्थ करणारं असतं, आणि ‘पोरगीही काढेल’ हा विनोद किंवा ‘वैश्विक स्पंदन’ हा जप, दोन्ही या अस्वस्थतेतून लवकर सुटका करून घेण्यासाठीच असतात असा माझा संशय आहे. जाणिवेवर व्याख्यान देणारं चित्र मी अजून पाहिलेलं नाही. पण मी बघतोय म्हणजे नेमकं काय करतोय, हे ज्यांनी मला पकडून दाखवलं, अशी दोन-तीन चित्रं आहेत.

मान्य, नवख्याला आधाराला काहीतरी लागतं. कोऱ्या दालनात त्याला सोडून ‘बघ आता’ म्हणणं हीदेखील एक प्रकारची मिजासच. मग भिंतीवरच्या मजकुरात हे लिहा ना: थर किती, रंग कशाने लावला, कशाने काढला, कॅनव्हास उभा का घेतला, याआधीचं चित्र कसं होतं. चार पावलं मागे जाऊन बघा, मग जवळ या, असंही लिहा. शाळेच्या मुलांना आवडेल. मागच्या वर्षी एका दालनात मी चारशे शब्दांचा मजकूर वाचला. त्यात ‘चेतना’ अकरा वेळा होती, ‘निळा’ एकदाही नाही. समोरची भिंत मात्र निळ्याने भरलेली होती.

आमचे नागपूरचे काका निवृत्त भौतिकशास्त्राचे शिक्षक. ग्रुपवरच्या त्या दोन दिवसांत त्यांनी एकच वाक्य टाकलं होतं: ‘ज्याचं खंडन करता येत नाही, त्यावर मी मत देत नाही.’ केप्लरच्या आठ कलांची गोष्ट मला त्यांनीच नववीत असताना सांगितलेली. दिवाळीनंतर ते मुंबईला आले तेव्हा त्यांना एका प्रदर्शनात घेऊन गेलो. तिथे गायतोंड्यांचं एक उभं चित्र होतं. मी ठरवून काही बोललो नाही. ते आधी चित्राच्या कडेला गेले, कॅनव्हासची जाडी बघितली. मग चष्मा काढून इतक्या जवळ गेले की रखवालदार उठून उभा राहिला. मग मागे, बाकापर्यंत. बसले. वीसेक मिनिटांनी त्यांनी उजवा हात समोर ताठ धरला, एक डोळा मिटला आणि करंगळीने काहीतरी मापायला लागले. आकाशात दोन ताऱ्यांमधलं अंतर मापायला आम्हाला शिकवायचे, तसं.

‘तो मधला पट्टा मध्यावर नाहीये रे,’ ते म्हणाले. ‘किंचित खाली घेतलाय. मध्यावर असता तर सगळं बसून गेलं असतं.’ हात तसाच होता. ‘किती वेळा हलवला असेल यांनी तो?’